नाला पाइपात घातला म्हणजे वरचा प्लॉट सुरक्षित झाला का?

आपण विचारले आहे की, जळगावच्या एका वाढत्या कॉलनीत आपण पाहिलेल्या प्लॉटच्या कडेने एक लहान नाला उघडा वाहतो, खाली शंभरेक फुटांवर तो सिमेंटच्या पाइपात शिरतो आणि रस्ता व घरे यांच्याखालून जाऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा बाहेर पडतो. नाला बंदिस्त झाल्यामुळे आता पाण्याची भीती नाही, हे विकणाऱ्याचे म्हणणे खरे मानावे का?

मी धुळ्याचा. स्थापत्य अभियंता म्हणून रस्त्यांच्या आणि त्यांच्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्यांच्या कामांवर बरीच वर्षे काढली, आणि माझे पहिले घर अशाच एका नाल्याच्या पाइपाच्या तोंडाशी, म्हणजे नाला पाइपात शिरतो तेथे, होते. त्या अनुभवावरून सांगतो की नाला बंदिस्त केल्याचा लाभ प्रामुख्याने पाइपावरून जाणाऱ्या रस्त्याला होतो. तोंडाच्या वरच्या बाजूला असलेल्या प्लॉटचा धोका मात्र बहुधा वाढतो.

याचे कारण हिशेबात आहे. जळगावला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सारखा पडत नाही. आठ महिने ज्या नाल्यात सांडपाण्याची धार तेवढी असते, त्यात एखाद्या रात्री तासाभरात पूर येतो. नाल्याचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर धरले आणि तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर २५,००० घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी वाहून आले, तरी सेकंदाला साधारण साडेतीन घनमीटर पाणी तोंडाशी पोहोचते. दोनशे मीटरला एक मीटर अशा उताराने टाकलेला ९०० मिलिमीटर व्यासाचा पाइप, तोही आतून स्वच्छ असताना, सेकंदाला जेमतेम सव्वा घनमीटर पाणी नेतो. म्हणजे असे दोन पाइप शेजारी टाकले तरी पाणी मागे तुंबणारच. शिवाय पूर्वी जी जमीन पाणी पिऊन घेत होती तिच्यावर आता काँक्रीटचे रस्ते आणि फरशीची अंगणे झाली आहेत, त्यामुळे निम्म्याचा हा अंदाजही भरवस्तीत कमी ठरतो.

उघड्या नाल्याचे तसे नसते. पाणी वाढले की त्याची रुंदीही वाढते, ते काठांवर पसरते आणि खाली सरकत राहते. पाइपाला रुंद होता येत नाही. त्यातच वरच्या शेतांतून वाहून आलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीची वाळलेली पाने, प्लास्टिकच्या पिशव्या आणि गणपतीनंतरचा थर्माकोल तोंडाशी एकमेकांत गुंतले की भरभक्कम बूच तयार होते. आमच्याकडे तोंडावर लोखंडी जाळी होती. पाइपात कचरा जाऊ नये म्हणून बसवलेल्या त्या जाळीवरच एका रात्री पऱ्हाट्यांचा थर बसला आणि पाणी ओट्यावर चढले. शेजारच्या चौघांनी बांबूने तो थर मोकळा केल्यावर अर्ध्या तासात अंगण रिकामे झाले. पाऊस त्या रात्री काही विक्रमी नव्हता. जाळी असावीच, पण ती पावसाळ्यात वरचेवर साफ करणारा माणूसही असावा, आणि नेमका तोच कुठे नेमलेला नसतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या ओढाताणीत पाइपांचे सांधे सुटतात, सांध्यांतून माती आत वाहून जाते आणि पाइपात गाळ साठतो. वरचा रस्ता मध्येच खचलेला दिसला, तर खालच्या पाइपाचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

कागदोपत्री दोन गोष्टी पाहाव्यात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी, म्हणजे नाला मुळात कोठून वाहत होता ते कळेल. प्रत्यक्षात तो वळवून सोयीच्या कडेला सरकवलेला असणे नवलाचे नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नद्या आणि नाल्यांचे पात्र शासनाच्या मालकीचे असते, त्यामुळे त्यातला तुकडा प्लॉटमध्ये धरला असेल तर खरेदीखत कितीही नीट असले तरी अडचण येते. दुसरे म्हणजे, बांधकामांसाठीच्या राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत नाल्याच्या पाण्याच्या कडेपासून ठरावीक अंतर सोडण्याची अट आहे, तेव्हा मंजूर ले-आउटच्या नकाशावर नाला कसा दाखवला आहे, हे विकणाऱ्याच्या तोंडी माहितीवर न सोडता आपण स्वतः पाहावे.

मात्र सर्वांत महत्त्वाची तपासणी कागदावर होत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पाइपाच्या तोंडावरील रस्त्याच्या सर्वांत खोलगट जागेची आणि प्लॉटची पातळी ताडून पाहावी. तोंड बुजले की साठलेले पाणी त्या खोलगट जागेवरूनच पलीकडे जाणार, म्हणजे तोवर ते आपल्या बाजूला चढत राहणार. रस्ता प्लॉटपेक्षा खाली असेल, तर जोते प्लॉटच्याही वर दोन-अडीच फूट घेऊन घर बांधता येईल. रस्ता प्लॉटपेक्षा उंच असेल, तर तो रस्ता पुराच्या रात्री बांधाचेच काम करतो आणि आपला प्लॉट त्याच्या पाणसाठ्यात येतो. असा प्लॉट मी स्वस्तातही घेणार नाही.