करार झाला, तरी विमान का उडत नाही? 'खुल्या आकाशा'विषयी वाचकांचे प्रश्न

आंतरराष्ट्रीय विमानसेवा करारांवर आलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. वाचण्याआधी एक सूचना : असा करार हातात आला की शेवटून वाचायला सुरुवात करा. मार्गांचे परिशिष्ट आधी, मुख्य कलमे नंतर. बातमीत पहिले कलम येते, पण विमान कुठे उतरणार ते परिशिष्टावर ठरते.

प्रश्न : दोन देशांमध्ये 'ओपन स्काइज' करार असला की त्यांच्या कंपन्यांना कुठूनही कुठेही उडता येते का?

नाही. पाया अजूनही ७ डिसेंबर १९४४ चा शिकागो करारच आहे. त्याच्या पहिल्या कलमानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूभागावरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. सहाव्या कलमानुसार त्या देशाच्या परवानगीशिवाय तिथे नियमित आंतरराष्ट्रीय सेवा चालवता येत नाही. म्हणजे आकाश मुळात बंदच आहे, आणि दोन देश बसून त्यात किती फट ठेवायची ते ठरवतात.

जुन्या पद्धतीत ही फट मोजूनमापून असे : किती कंपन्या, कोणती शहरे, आठवड्याला किती फेऱ्या, भाडे किती. ब्रिटन-अमेरिकेचा १९४६ चा बर्म्युडा करार त्या काळात बराच सैल मानला गेला आणि त्याचा नमुना जगभर उचलला गेला. खुल्या आकाशाच्या कराराने हे चारही लगाम सोडले. अमेरिका आणि नेदरलँड्स यांचा १९९२ चा करार या जातीतला पहिला. त्यात कंपन्यांची संख्या, मार्ग, फेऱ्या, विमानाचा आकार आणि भाडे या गोष्टी सरकारांनी कंपन्यांवर सोडल्या.

तरीही तीन गोष्टी बहुतेक अशा करारांतही बंदच राहतात. पहिली, दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावर प्रवासी घेणे. दुसरी, त्या देशातली कंपनी विकत घेऊन तिच्यावर ताबा मिळवणे. तिसरी, गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची वेळ. युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांपुरते पहिले दार १ एप्रिल १९९७ पासून पूर्ण उघडले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये आपापसांत तसेच केले. बाकी जगात असे अपवाद मोजकेच आहेत.

प्रश्न : पाचवे, सहावे, सातवे 'स्वातंत्र्य' यांत नेहमी गोंधळ होतो. सोप्या शब्दांत सांगाल का?

ही परक्या देशाच्या आकाशात मिळणाऱ्या हक्कांची क्रमवार नावे. पहिले म्हणजे वरून उडून जाणे. दुसरे, प्रवासी न चढवता-उतरवता इंधनासाठी किंवा दुरुस्तीसाठी उतरणे. तिसरे, आपल्या देशातून प्रवासी दुसरीकडे नेणे आणि चौथे, तिथून आपल्याकडे आणणे. इथपर्यंत वाद नसतो.

पाचव्यात तिसरा देश येतो. कंपनी सिंगापूरची, विमान सिंगापूरहून निघून फ्रँकफर्टला थांबते आणि पुढे न्यूयॉर्कला जाते. फक्त फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क एवढेच तिकीटही विकता येते. एमिरेट्सची मिलान-न्यूयॉर्क आणि अथेन्स-नेवार्क ही उड्डाणे याच हक्कावर चालली. यासाठी दोन वेगळे करार एकमेकांशी जुळावे लागतात. मधल्या देशाशी केलेल्या करारात 'पुढचा बिंदू' म्हणून अंतिम देश हवा आणि अंतिम देशाशी केलेल्या करारात 'मधला बिंदू' म्हणून मधला देश हवा. एकात हक्क आहे आणि दुसऱ्यात नाही, असे झाले तर विमान त्या मार्गाने जाऊ शकते, पण मधल्या देशापासून अंतिम देशापर्यंतच्या टप्प्याचे तिकीट विकता येत नाही. नवख्या नियोजकाचा पाय इथेच घसरतो. परिशिष्टात 'कोणताही बिंदू' असे मोठ्या अक्षरांत असते आणि खालच्या टिपेत 'पाचव्या स्वातंत्र्याच्या हक्काविना' असे बारीक अक्षरांत. टीप वाचल्याखेरीज मार्गाचा हिशेब मांडू नये.

सहावे बहुतेक वेळा करारात लिहिलेलेच नसते. दोन देशांशी असलेले तिसरे-चौथे हक्क आपल्या तळावर जोडले की ते आपोआप तयार होते : एका देशातून प्रवासी आपल्या तळावर आणायचा, विमान बदलून दुसऱ्या देशात सोडायचा. दुबई, दोहा, सिंगापूर या तळांचा मोठा व्यवसाय यावरच उभा आहे. सातव्यात विमान आपल्या देशाला शिवतही नाही, दोन परक्या देशांमध्येच ये-जा करते. मालवाहतुकीसाठी हा हक्क बऱ्याच खुल्या करारांत मिळतो, प्रवाशांसाठी क्वचितच. आठवे आणि नववे ही परदेशातल्या अंतर्गत वाहतुकीची : आठव्यात आपल्या देशातून निघालेल्या उड्डाणाचा पुढचा टप्पा, नवव्यात निव्वळ तिथल्या तिथे.

प्रश्न : मागणी भरपूर असताना एखाद्या देशाने परदेशी कंपनीच्या जादा फेऱ्या नाकारल्या, अशा बातम्या येतात. हे कसे चालते?

करार खुला नसेल तर क्षमतेवर मर्यादा असते. ती कधी फेऱ्यांत मोजतात, कधी आसनांत, आणि या फरकाने धंद्याचे गणित बदलते. समजा, मर्यादा एका दिशेने आठवड्याला २,१०० आसनांची आहे. ३०० आसनांचे विमान रोज चालवता येईल. कंपनीने ३५० आसनांचे विमान लावले की सहाच फेऱ्या उरतात, आणि रोज जाणारा व्यावसायिक प्रवासी दुसरी कंपनी शोधतो. मर्यादा फेऱ्यांत असेल तर उलटे घडते : प्रत्येक फेरी मौल्यवान, म्हणून सगळ्यात मोठे विमान लावण्याकडे कल.

कतार एअरवेजचे ऑस्ट्रेलियातले प्रकरण या विषयाच्या अभ्यासकाने जवळून पाहावे असे आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन आणि पर्थ या चार मोठ्या विमानतळांसाठी कतारच्या कंपन्यांना आठवड्याला २८ फेऱ्या होत्या. बाकीच्या विमानतळांवर मर्यादा नव्हती. मग कंपनीने मेलबर्नला जाणारे एक उड्डाण पुढे ॲडलेडपर्यंत नेले. प्रवास ॲडलेडला संपत असल्याने ते २८ मध्ये धरले जात नव्हते. मात्र मेलबर्न-ॲडलेड हा देशांतर्गत टप्पा असल्याने त्यावर तिथला स्थानिक प्रवासी घेता येत नव्हता, आणि भलेमोठे विमान जवळजवळ रिकामे ये-जा करत असे. कागदावर सगळे नियमात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने आणखी २१ फेऱ्यांची मागणी फेटाळली. नंतर कतारने व्हर्जिन ऑस्ट्रेलिया या तिथल्या विमानकंपनीत २५ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२५ पासून कतारची विमाने वैमानिकांसह भाड्याने घेऊन व्हर्जिनने दोहाच्या फेऱ्या सुरू केल्या. आता त्या फेऱ्या ऑस्ट्रेलियाच्या वाट्यातल्या. मर्यादा जिथे असते तिथे तिच्या कडेने वाट काढणारा वकीलही असतो.

प्रश्न : लहान विमानकंपनीच्या नियोजन विभागात आहे. नव्या देशात सेवा सुरू करायची तर कामांचा क्रम कसा लावावा?

आधी पूर्ण कागदपत्रे मिळवा. प्रसिद्ध झालेल्या करारानंतर दोन्ही बाजूंच्या बैठका होऊन सामंजस्य पत्रे झालेली असतात, आणि खरी मर्यादा बरेचदा त्यांतच असते. वीस वर्षांपूर्वीचा मूळ मजकूर वाचून बेत आखणारे फसतात.

मग आपल्या सरकारकडून नियुक्ती. सरकार राजनैतिक पत्राने समोरच्या देशाला कळवते की या मार्गासाठी आमची ही कंपनी. करारात 'एकच कंपनी' असे असेल आणि ती जागा भरलेली असेल, तर गोष्ट इथेच थांबते.

नियुक्तीनंतर समोरच्या देशाची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी हवाई चालक प्रमाणपत्र, भागधारकांचा तपशील, सुरक्षा कार्यक्रम आणि विमा लागतो. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार प्रवाशाच्या मृत्यू किंवा इजेबद्दलची पहिल्या टप्प्याची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) झाली आहे. विम्याच्या जुन्या कागदात आधीचा १,२८,८२१ हा आकडा राहिला असेल तर बदलून घ्या. युरोपीय संघात जायचे असेल तर तिथल्या विमान सुरक्षा संस्थेची वेगळी अधिकृतता लागते. अमेरिकेसाठी कंपनी कितीही चांगली असली तरी तिच्या देशाचे नियामक खाते अमेरिकी नियामकाच्या सुरक्षा मूल्यांकनात पहिल्या श्रेणीत असावे लागते. मेक्सिको मे २०२१ ते सप्टेंबर २०२३ दुसऱ्या श्रेणीत होता. त्या काळात तिथल्या कंपन्यांना अमेरिकेत नवी सेवा सुरू करता आली नाही. चालू सेवा तेवढ्या राहिल्या.

सर्वांत शेवटी स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, पण तारखांच्या हिशेबाने हे काम सर्वांत आधी सुरू करावे लागते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागते. त्यासाठीचे अर्ज आधीच्या ऑक्टोबरच्या सुमारास जातात आणि नोव्हेंबरच्या परिषदेत देवाणघेवाण होते. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून, त्याची परिषद जूनमध्ये. सरकारी परवानगी येईपर्यंत थांबलात तर एक हंगाम हातचा जातो. हंगामासाठी मिळालेल्या मालिकेतले किमान ८० टक्के स्लॉट वापरले तरच पुढच्या वर्षी त्यांवर हक्क राहतो, म्हणून अर्धवट तयारीत जादा स्लॉट मागण्यातही शहाणपण नाही.

स्लॉटची किंमत कळायला लंडनचा हीथ्रो विमानतळ पुरे. १९७७ च्या दुसऱ्या बर्म्युडा करारामुळे तिथे दोनच अमेरिकी कंपन्यांना प्रवेश होता. युरोपीय संघ आणि अमेरिका यांचा करार ३० मार्च २००८ पासून लागू झाला आणि हक्क सर्वांना खुला झाला. जागा मात्र एकही वाढली नाही. कॉन्टिनेंटल या अमेरिकी कंपनीने तेव्हा स्लॉटच्या चार जोड्यांसाठी (एक उतरण्याचा, एक उडण्याचा) २०.९ कोटी डॉलर मोजले.

प्रश्न : कंपनी इथेच नोंदलेली, विमाने इथली, पण गुंतवणूकदार परदेशी. करारातले हक्क मिळतील?

मिळतीलच असे नाही. बहुतेक करारांत अट असते की कंपनीची भरीव मालकी आणि परिणामकारक नियंत्रण नियुक्ती करणाऱ्या देशाकडे किंवा त्याच्या नागरिकांकडे हवे. नोंदणी कुठली हा प्रश्न त्यानंतरचा. अट मोडली तर समोरचा देश परवानगी रोखू शकतो. रोखेलच असे नाही, आणि नेमकी हीच अनिश्चितता गुंतवणूकदाराला घाबरवते. देशांतर्गत कायद्याची मर्यादा याहून वेगळी : अमेरिकेत परदेशी मतदानहक्क २५ टक्क्यांपर्यंत, युरोपीय संघात परकी मालकी ४९ टक्क्यांपर्यंत.

५ नोव्हेंबर २००२ रोजी युरोपीय न्यायालयाने सदस्य देशांनी अमेरिकेशी केलेल्या करारांतली राष्ट्रीयत्वाची अट संघाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. जर्मनीशी झालेल्या कराराचा लाभ फक्त जर्मन मालकीच्या कंपनीला का, फ्रेंच मालकीच्या कंपनीने जर्मनीत तळ केला तर तिला का नाही, असा तो मुद्दा. पुढचा संपूर्ण संघाचा करार यातून आला. ब्रिटन संघाबाहेर पडताना हेच उलट दिशेने घडले. संघांतर्गत उड्डाणांसाठी संघातलेच परवाने हवेत म्हणून इझीजेट या ब्रिटिश कंपनीने २०१७ मध्येच ऑस्ट्रियात वेगळी कंपनी काढली.

यावर तोडगा आहे. मालकीऐवजी 'मुख्य व्यवसायस्थान कुठे' ही कसोटी लावायची, नियंत्रण तेवढे देशात ठेवायचे. सिंगापूर, चिली, न्यूझीलंड, ब्रुनेई आणि अमेरिका यांच्या २००१ च्या बहुपक्षीय करारात तसे केले आहे. माझ्या मते नव्या करारांत प्रयत्न करण्यासारखी जागा हीच. फेऱ्या वाढवणे सोपे, भांडवल मोकळे करणे अवघड, आणि लहान देशांच्या कंपन्या अडतात त्या भांडवलावर.

प्रश्न : एखादा देश आपले आकाश ठरावीक देशाच्या विमानांनाच बंद करू शकतो का?

शिकागो कराराचे नववे कलम लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी बंदी घालू देते, पण राष्ट्रीयत्वावरून भेद न करता. युद्ध आणि आणीबाणीसाठी ८९ वे कलम वेगळे आहे. वरून उडण्याचा हक्क बहुपक्षीय करून ठेवणाऱ्या संक्रमण करारात १३० हून अधिक देश आहेत. मात्र रशिया, चीन, कॅनडा, ब्राझील त्यात नाहीत. अशा मोठ्या भूभागांवरून जायचे तर हक्क द्विपक्षीय करारातूनच घ्यावा लागतो. सैबेरियावरून जाण्यासाठी युरोपीय कंपन्या २०२२ पर्यंत वर्षानुवर्षे पैसे मोजत होत्या, ते याचमुळे.

जून २०१७ मध्ये चार अरब देशांनी कतारच्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा कतार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे गेला. परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असा समोरच्या देशांचा आक्षेप होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो फेटाळला. आकाश जानेवारी २०२१ मध्ये उघडले, तेही राजकीय समेटाने.

प्रश्न : न पटणारा करार मोडता येतो का?

येतो. बहुतेक करारांत बारा महिन्यांच्या नोटिशीची तरतूद असते. ब्रिटनने जून १९७६ मध्ये पहिल्या बर्म्युडा करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि मुदत संपता संपता दुसरा करार हाती आला. नोटीस देऊन वाटाघाटी जमल्या नाहीत तर वर्ष सरल्यावर हक्क संपतात, आणि तिकिटे तर त्या तारखेच्या पुढचीही विकलेली असतात. म्हणून आधी करारातले सल्लामसलतीचे कलम वापरतात. विनंती आल्यावर बहुधा ६० दिवसांत बोलणी सुरू करावी लागतात. नोटीस त्यानंतर.