विचारा, सांगते : बुडालेल्या गावांची वाचलेली घरं

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात ओटावाला असते. जूनअखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मी आणि माझ्या सासूबाई (वय 78) तिच्याकडे राहणार आहोत. ‘अपर कॅनडा व्हिलेज’ नावाचं एक जुनं गाव तिथे जपून ठेवलंय, ते दाखवते असं मुलगी म्हणते. उन्हाळ्यात तिथे एक असतं, ऑक्टोबरात भोपळ्यांचं काहीतरी आणि नाताळात दिव्यांचं. आमचं जाणं एकदाच होईल, तर कधी जावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्यांचं म्हणणं असं, की “पडकी घरं बघायला सातासमुद्रापार कशाला जायचं? आपल्या गावात ढीगभर आहेत.”
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, जुलै-ऑगस्टमध्ये जा. आठवड्याच्या मधला वार धरा आणि सकाळी दार उघडायच्या वेळेला पोचा. ओटावाहून गाडीने तासाभराची वाट आहे. मॉरिसबर्ग गावाजवळ, सेंट लॉरेन्स नदीच्या काठावर. मी ओटावात बावीस वर्षं काढली, तिथे चारही ऋतूंत गेले आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नेलं, म्हणून एवढं ठामपणे सांगते.

सासूबाईंना मात्र एक गोष्ट निघण्याआधीच सांगा. ही पडकी घरं नव्हेत. यातली बरीचशी धरणात जाणाऱ्या गावांमधून वाचवून आणलेली आहेत.

1950च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेने मिळून सेंट लॉरेन्स नदीवर धरण बांधायला घेतलं. मोठी जहाजं आतपर्यंत यावीत आणि वीज मिळावी, हे दोन हेतू. त्यात कॅनडाच्या काठावरच्या दहा वस्त्या पाण्याखाली गेल्या. ऑल्ट्सव्हिल, मूलिनेट, मिल रॉश, वेल्स, डिकिन्सन्स लँडिंग ही त्यांतली काही नावं. साधारण साडेसहा हजार माणसं उठली. पाचशेहून अधिक घरं अख्खीच्या अख्खी उचलून नव्या वसाहतींत नेली. त्यासाठी प्रचंड चाकांची खास यंत्रं आणली होती आणि कपाटातली भांडीसुद्धा काढून ठेवायची गरज नाही, असं घरमालकांना सांगितलेलं असे. 1 जुलै 1958च्या सकाळी पाणी अडवून धरणारा बांध सुरुंगाने उडवला आणि चार दिवसांत तिथे तलाव झाला. जे जपण्यासारखं होतं ते, आणि आसपासच्या भागातल्या आणखी काही इमारती, असं एकत्र मांडून 1961मध्ये हे गाव लोकांसाठी खुलं झालं. आत गेलात की साल 1866 असतं. काम करणारी माणसं त्या काळच्या कपड्यांत असतात आणि त्या काळची कामं करत असतात.

हे सगळं मला एवढं तपशिलात का ठाऊक, तेही सांगते. माझं माहेर करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनीच्या पाण्यात गेलं. आमच्या वडिलांनी जुन्या घराची सागवानी चौकट आणि दोन तुळया बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणल्या. बाकी भिंती तिथेच राहिल्या. मी पहिल्यांदा अपर कॅनडा व्हिलेजमध्ये गेले तेव्हा मूलिनेटहून आणलेल्या चर्चच्या दारात उभी राहिले आणि हात आपसूक चौकटीवर गेला. तिथल्या बाईंनी विचारलं, काय पाहताय? मी म्हटलं, आमचीही अशीच आणली होती. त्या मला बाकावर घेऊन बसल्या आणि आम्ही अर्धा तास बोलत होतो. त्यांच्या आईचं गाव याच पाण्यात गेलं होतं.

आता बघायचं काय, ते सांगते. पहिल्यांदा लोकरीच्या गिरणीत जा. पाण्याच्या जोरावर चालणारी ही गिरणी ओडेसा गावाजवळून आणलेली. आत शिरताच मेंढराचा तो तेलकट वास येतो, सासूबाईंना तो लगेच ओळखू येईल. पिंजलेली लोकर दातेरी रुळांवरून फिरत फिरत मऊ, जाड पेळू होऊन बाहेर येते, पुढे चात्यांवर सूत होतं. आमच्याकडे धनगर हातावर सूत काढून घोंगडी विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे. तेच काम इथे यंत्राच्या हातात गेलेलं दिसतं. पट्टे फिरतात, जमीन हलते आणि दोन माणसं धावत तुटलेले धागे सांधतात. या गिरणीत मी कितीदा उभी राहिले याची मोजदाद नाही.

तिथून लाकूड कापायची गिरणी जवळ आहे. उभी करवत पाण्याच्या बळावर खालीवर होते आणि ओंडका प्रत्येक घावाला बोटभरही नाही असा पुढे सरकतो. एक फळी निघेपर्यंत थांबा. मग पिठाची गिरणी आणि तिच्या पिठाचा पाव जिथे लाकडाच्या भट्टीत भाजतात ती बेकरी. पाव तिथेच विकत मिळतो. गरम असताना घ्या, घरी नेईपर्यंत अर्धा संपतो. गावात चीजही करतात. तुम्ही शाकाहारी असाल तर त्यात रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) कसलं घातलंय ते विचारून घ्या, कारण पूर्वापार ते वासराच्या जठरापासून काढत आले आहेत. विचारायला संकोचू नका. तिथली माणसं बोलायलाच तर बसलेली असतात.

लाउक्स कुटुंबाच्या शेतघराचं स्वयंपाकघर चुकवू नका. दगडी घर, लोखंडी शेगडी, खिडकीत सुकत घातलेलं काहीबाही. स्वयंपाक खराखुरा चाललेला असतो. सासूबाईंना तिथे खुर्ची मागून बसवा आणि मध्ये दुभाषी म्हणून तुम्ही उभ्या राहा. माझ्या आईने तिथल्या बाईला विचारलं होतं, “लोणी कढवत नाही का तुम्ही?” त्या म्हणाल्या, नाही, खारवून ठेवतो. दोघींचं त्यावर बराच वेळ चाललं.

गुडघ्यांचं म्हणाल, तर रस्ते कच्चे आहेत, चाकाची खुर्ची थोडी उडते. पण घोड्याची गाडी आहे आणि कालव्यातून जाणारी एक सपाट होडीही. ती होडी काठावरून चालणारा घोडा दोरीने ओढतो. दोन्हीत बसून बरंच गाव पाहून होतं. पूर्ण दिवस हातात ठेवा, पण सगळं पाहायचा हट्ट नको.

ऑक्टोबरातल्या ‘पम्पकिनफर्नो’चं आणि डिसेंबरातल्या ‘अलाइट ॲट नाइट’चं खरं सांगते. दोन्ही संध्याकाळचे. पहिल्यात हजारो कृत्रिम भोपळे हाताने कोरून, आत दिवे लावून गावभर मांडतात. 2012पासून हे चाललंय. दुसऱ्यात घराघरावर दहा लाखांवर दिवे लागतात, बर्फ पडलेला असेल तर डोळे निवतात. नातवंडं बरोबर असतील तर जरूर न्या. पण त्या वेळी गिरण्या थांबलेल्या असतात, भट्टी गार असते, घरं नुसती दिवे टांगायला असल्यासारखी दिसतात. मला ते पटत नाही. शिवाय डिसेंबरात उणे दहा तापमानात तासभर चालायचं, ते 78व्या वर्षी नको. उघडण्याचे दिवस आणि वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, मुलीला निघण्याआधी पाहायला सांगा.

जमलं तर आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पूर्वेला अर्ध्या तासावर लाँग सॉल्टजवळच्या ‘लॉस्ट व्हिलेजेस’ संग्रहालयात जा. बुडालेल्या गावांच्याच लोकांनी उभं केलंय. लहानसं आहे, गावागावांचे फोटो आहेत. तिथून जवळच जुना महामार्ग सरळ पाण्यात शिरताना दिसतो, मधली पांढरी रेघसुद्धा. आणि अपर कॅनडा व्हिलेजच्या बाहेर नदीकडे एक स्मारक आहे, त्याच्या भिंतींत बुडालेल्या दफनभूमींतले थडग्यांचे दगड बसवलेत. नावं वाचता येतात. सासूबाईंना ते दाखवावं की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या आईला मी दाखवलं, ती हात जोडून उभी राहिली.

एक गोष्ट मात्र त्या गावात कमी बोलली जाते. इथले आद्य रहिवासी म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते 1784च्या सुमारास अमेरिकन क्रांतीनंतर इथे आलेले, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले लोक. त्यांच्याआधी इथे मोहॉक आणि इतर मूलनिवासी लोक होतेच, आणि याच धरणाने अक्वेसास्नेच्या मोहॉक लोकांचीही जमीन घेतली. पूर्वेला कॉर्नवॉलला लागूनच त्यांची वस्ती आहे. मुलीला म्हणावं, आजीला हेही सांग.

प्रश्न : अशी गावं आपल्याकडे आहेत का? कॅनडाला जाणं आम्हाला जमणार नाही.
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी संग्रहालय आहे. बारा बलुतेदार, शेत, आठवडे बाजार सगळं पुतळ्यांतून मांडलंय, काम बारकाईचं आहे. घरं उचलून आणून पुन्हा उभी केलेली पाहायची असतील तर चेन्नईजवळचं दक्षिणचित्र पाहा. ते 1996मध्ये सुरू झालं, दक्षिणेतल्या राज्यांची जुनी घरं तिथे आहेत आणि कारागीर काम करताना दिसतात.

पण दादा, तुम्ही इंदापूरचे. पळसदेव तुमच्याच तालुक्यात. उजनीचं पाणी खूप उतरतं त्या उन्हाळ्यात जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. तेव्हा जा, आणि नव्या गावठाणातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. कुठे पार होता, कुठे कुणाचं घर, कुठून नदीला उतरायची वाट, हे तोच दाखवू शकेल. वही न्या आणि लिहून घ्या.