मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर नकाशा

प्रश्न : भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री पावसाचा नकाशा आपोआप तयार व्हावा म्हणून क्यूजीआयएस हा नकाशे बनवायचा प्रोग्राम बसवला. पण डिस्प्ले सापडत नाही, असं सांगून तो लगेच बंद पडतो. सर्व्हरला मॉनिटर कुठून आणू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मॉनिटर आणूच नका. प्रोग्रामला फक्त चित्र सोपवायला कोणीतरी हवं असतं. लिनक्सवर ते काम एक्स सर्व्हर करतो. ही प्रणाली एमआयटीत १९८४ साली सुरू झाली. एक्सव्हीएफबी हा तसाच एक्स सर्व्हर, पण तो चित्र मेमरीतच रंगवतो. १९२० बाय १०८०च्या पडद्याला जेमतेम ८ एमबी लागतात.

एक्सव्हीएफबी बसवून आपल्या कमांडच्या आधी 'एक्सव्हीएफबी-रन' (xvfb-run) लिहा. सोबत '-ए' (-a) द्या, म्हणजे मोकळा डिस्प्ले क्रमांक तो स्वतः शोधेल. पडद्याचा आकार आणि २४ बिटांची रंगखोली मात्र तुम्हीच द्या. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण आवृत्तीगणिक मूळ आकार बदलतो.

काम मध्येच अडकलं तर एक्स११व्हीएनसी हा दुरून पडदा दाखवणारा प्रोग्राम जोडून आत डोकावा. पुष्कळदा 'ओके' दाबायची एखादी चौकट तिथे खोळंबलेली असते.