विंडोज पुन्हा न टाकता सी ड्राइव्हचा क्लस्टर साइज बदलता येतो का?

तुमच्या सी ड्राइव्हचा क्लस्टर साइज (फाइलला जागा देताना वापरला जाणारा डिस्कचा सर्वात लहान तुकडा) ५१२ बाइट्स आहे आणि विंडोज, सॉफ्टवेअर्स, सेटिंग्ज जशीच्या तशी ठेवून तो ४ केबी करायचाय. करता येतो. मात्र विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी करायचा तर पार्टिशन फॉरमॅट करावंच लागतं. फक्त विंडोज नव्याने टाकायचं तेवढं वाचतं.

५१२ चा आकडा बहुतेकदा जुन्या फॅट३२ पार्टिशनचं कन्व्हर्ट कमांडने एनटीएफएस केल्यामुळे येतो (फॅट३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धती, म्हणजे फाइल सिस्टम). फॅटमधला डेटा ४ केबीच्या सीमेवर सुरू होत नसेल, तर ती कमांड सरळ ५१२ वर उतरते. तोटा असा की १०० एमबीच्या फाइलचे दोन लाखांवर क्लस्टर होतात. ४ केबीला तेच २५,६०० होतात. फिरत्या हार्ड डिस्कवर यामुळे फ्रॅगमेंटेशन, म्हणजे फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरणं, चांगलंच वाढतं. एसएसडी असेल तर फार वेग मिळेल अशी आशा धरू नका.

पार्टिशन मॅनेजर प्रकारची काही सॉफ्टवेअर्स फॉरमॅट न करता जागच्या जागी क्लस्टर बदलून देतात. मला सिस्टम ड्राइव्हवर ती नकोच वाटतात. सगळा डेटा हलवताना मध्येच वीज गेली तर पार्टिशन हातचं जाऊ शकतं, म्हणजे आधी पूर्ण बॅकअप आलाच. आणि धड बॅकअप हाताशी असेल, तर फॉरमॅटला घाबरायचं कशाला?

पण बॅकअप कोणता, यातच खरी मेख आहे. बरेच लोक डिस्क इमेज घेतात, ४ केबीने फॉरमॅट करतात, इमेज परत टाकतात आणि बघतात तर पुन्हा ५१२! अशी इमेज सहसा फाइल सिस्टमच ब्लॉक-ब्लॉक करून उचलते, त्यामुळे जुना क्लस्टर साइजही तिच्याबरोबर परत येतो. आपल्याला फाइल-फाइल करून घेतलेली इमेज हवी. ते काम विंडोजमधलंच डीआयएसएम (DISM) हे कमांडने चालणारं साधन करतं. फाइल्सच्या परवानग्या आणि हार्ड लिंक्सही (एकाच फाइलची अनेक नावं) जपतं. एक्सप्लोररमधून कॉपी-पेस्ट करून हे जमत नाही.

आधी बिटलॉकर (ड्राइव्हचं एन्क्रिप्शन) आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट + एफ१० दाबा. कमांड प्रॉम्प्ट उघडेल. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी झालेला असेल, म्हणून आतले फोल्डर बघूनच पुढे जा. डीआयएसएमच्या कॅप्चर-इमेजने तो ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर विम (.wim) या इमेज फाइलमध्ये घ्या. बाहेरची डिस्क फॅट३२ नको, कारण तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. मग फॉरमॅट कमांडला स्लॅश ए कोलन ४०९६ (/A:4096) हा स्विच देऊन तेच पार्टिशन फॉरमॅट करा, अप्लाय-इमेजने विम परत उतरवा आणि शेवटी त्या विंडोज फोल्डरवर बीसीडीबूट (bcdboot, विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स बसवणारी कमांड) चालवा. पार्टिशन डिलीट केलं नसेल तर बीसीडीबूटवाचूनही मशीन बहुधा सुरू होतं, पण चालवून टाकलेलं बरं.

डिस्क फार जुनी असेल तर पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून (५१२ बाइट्सचा एक सेक्टर), म्हणजे ४ केबीच्या सीमेवर नसलेल्या जागेपासून सुरू होत असेल. तसं असेल तर नुसता क्लस्टर बदलून अर्धंच काम होतं. विम हातात असतानाच पार्टिशन डिलीट करून नवं बनवा, ते १ एमबीपासून सुरू होईल. मग मात्र बीसीडीबूट अनिवार्य.

सगळं झाल्यावर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयूटिलच्या एनटीएफएसइन्फोने (fsutil fsinfo ntfsinfo c:) तपासा, 'बाइट्स पर क्लस्टर'समोर ४०९६ दिसायला हवं. आणि हात घातलाच आहे तर सरळ ६४ केबी करू का, असं मनात येईल. सी ड्राइव्हसाठी नको. ४ केबीच्या वर एनटीएफएसचं कॉम्प्रेशन चालत नाही, आणि विंडोजमधल्या लाखो लहान फाइल्स जागा खातात ते वेगळंच.