मोची नावाचं पिल्लू

प्रश्न : नाना, नमस्कार. आमच्याकडे तीन महिन्यांचं पांढरंशुभ्र पिल्लू आलंय. आठवीतल्या नातीनं त्याचं नाव ठेवलं 'मोची'. जपानी आहे म्हणे, आणि फार गोड. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारे काका बसतात. परवा पिल्लू फाटकातून निसटलं आणि ही "मोची, ए मोची, इधर आ!" ओरडत मागे धावली. काकांनी हातातला टाका थांबवून वर पाहिलं, "क्या हुआ बिटिया?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नात म्हणते, अर्थ वेगळा आहे, त्यात लाजायचं काय? खरंच काय अर्थ आहे या नावाचा? आणि ते बदलावं का?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, नात खरं बोलतेय. जपानात मोची म्हणजे चिकट तांदळाचा गोळा. तांदूळ भिजवायचा, वाफवायचा आणि लाकडी उखळीत मोठ्या मोगरीनं कुटायचा. एक जण घाव घालतो, दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात ओल्या हातानं गोळा उलटतो. ताल चुकला की बोटं चेचली! वर्ष संपता संपता हा कार्यक्रम चालतो, नव्या वर्षासाठी. आपल्या उकडीच्या मोदकाची पारी आठवा, फक्त याहून कितीतरी चिवट. म्हाताऱ्यांच्या घशात अडकतो, म्हणून दर नव्या वर्षाला तिथं बजावून सांगतात की घास लहान घ्या. (आपण दोघांनी न खाल्लेलाच बरा.) पांढरं, गुबगुबीत, बोट लावलं की दबणारं पिल्लू पाहून हे नाव सुचणं साहजिकच. शिवाय दोन अक्षरी, शेवटी 'ई', हाक मारायला सोपं.

नातीला याहून भारी गोष्ट सांगा. चंद्रावरच्या डागांत आपल्याला ससा दिसतो, म्हणून तर तो शशांक. जातककथेतल्या सशाकडे भुकेल्या पाहुण्याला द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच आगीत उडी घेतली आणि शक्रानं, म्हणजे इंद्रानं, त्याचं चित्र चंद्रावर काढलं. जपानी माणसालाही चंद्रावर ससाच दिसतो, पण त्याचा ससा उखळीत मोची कुटत असतो! त्यात शब्दाचीही गंमत आहे. पौर्णिमेच्या चंद्राला ते मोचीझुकी म्हणतात आणि मोची कुटण्याला मोचीत्सुकी.

आता गल्लीत येऊ. आमच्या घरात हा प्रकार माझ्या लहानपणीच होऊन गेलाय. ३ नोव्हेंबर १९५७ला सोव्हिएत रशियानं स्पुतनिक २ मधून लायका नावाची कुत्री अंतराळात पाठवली. ती परत येणार नव्हतीच, परत आणायची सोयच त्या यानात नव्हती. माझ्या वडिलांच्या मनाला ते लागून राहिलं. पुढे काही वर्षांनी घरी कुत्री आली, तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता तिचं नाव लायका ठेवलं. शेजारच्या काकूंनी आठवड्यात तिची 'लायकी' केली आणि दूधवाल्यानं थेट 'नालायक'. ती तिन्ही हाकांना शेपूट हलवत यायची. रशियन भाषेत लायका म्हणजे भुंकणारी, हे मला फार उशिरा कळलं. आमची तर चोर आला तेव्हाही भुंकली नाही. म्हणजे नालायक हेच तिला शोभलं असतं.

पण तिथे थट्टा झाली ती कुत्रीची. तुमच्याकडे ती दिवसभर खाली मान घालून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर जातेय. आपल्याकडे मोची हा पदार्थ नाही. माणसाचा धंदा आहे, जात आहे. त्या शब्दानं कुत्र्याला हाक मारली की ऐकणाऱ्याला जपान आठवत नाही, आणि प्रत्येकाला थांबवून तांदळाची गोष्ट सांगणं नातीलाही जमायचं नाही. तेव्हा नाव बदला. नातीनं चूक केली म्हणून नाही. तिनं ते नाव फोनवर वाचलं होतं, गल्लीत ऐकलं नव्हतं, एवढंच.

मोती सुचवू नका, ती तोंड वाकडं करील. माझ्या एकट्याच्या गल्लीत चार मोती आहेत. जपानीच हवं असेल तर 'त्सुकी' म्हणजे चंद्र, पण इंदुरी जिभेवर त्याची दोन दिवसांत 'चुकी' होईल. माझं मत 'युकी'ला. युकी म्हणजे बर्फ, जो आकाशातून पडतो तो. पांढऱ्या पिल्लाला शोभतं, नातीचं जपान शाबूत राहतं आणि आपल्या बोलीत त्याचा भलताच काही अर्थ निघत नाही. तरी ठरवण्याआधी तिला फाटकात उभं करून चार वेळा मोठ्यानं हाक मारायला लावा. कोण वळून बघतं ते पाहा.

पिल्लाला अर्थाशी देणंघेणं नाही, ते आवाज ओळखतं. 'युकी' म्हणायचं आणि त्यानं पाहिलं की लगेच पोळीचा तुकडा. घरातल्या सगळ्यांनी हीच हाक मारायची, आजोबांनीसुद्धा. रागावताना हे नाव घ्यायचं नाही, म्हणजे थोड्याच दिवसांत ते आपणहून धावत येईल.

काकांकडे जाऊन खुलासा मात्र करत बसू नका, त्यानं ते आणखी अवघडतील. पिल्लाला गळ्यात पट्टा लागेलच. तो त्यांच्याकडूनच शिवून घ्या आणि नातीला पिल्लू घेऊन पाठवा. माप घेताना ते नाव विचारतीलच.