प्रार्थना करते, पण मन लागत नाही

प्रश्न : मिस्टरांची नोकरी गेली त्याला बरेच महिने झाले. चर्चमधल्या काहीजणी म्हणतात तुमचाच विश्वास कमी पडतोय. खरं असेल का हो?

उत्तर : नाही ताई, हे आधी मनातून काढून टाका. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशूने सरळ सांगितलं की दोघांचंही नाही. दुःखात असलेल्याला असं बोलणं मला तरी फार क्रूर वाटतं.

पंडिता रमाबाईंचंच बघा ना. आईवडील उपासमारीत गेले, नवरा लवकर गेला, तरी 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून कितीतरी उपाशी मुली केडगावला आणून सांभाळल्या, आणि हे सगळं चालू असताना हिब्रू, ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, का तर कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं. 1921त एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम सोडलं नाही, 1922त स्वतः जाईपर्यंत प्रुफं तपासत होत्या. यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आणि मंडळीतलं कोणी किराणा भरून देतो म्हणालं तर नाही म्हणू नका, घ्या, नम्रता लागते ती अशाच वेळी. रात्री मन नाहीच लागलं तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, अगदी छोटं आहे, सुरुवातच 'हे परमेश्वरा, कुठवर?' अशी तक्रारीची आहे, आणि मिस्टरांनाही सोबत बसवा.