गोल्फच्या वेजला केवढी ग्रिप लावायची?

प्रश्न : सर, मी नेरुळला राहतो, दोन वर्षं झाली गोल्फ खेळतोय, बहुतेक वेळा खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर. आयर्नला (लोखंडी डोक्याचे नेहमीचे क्लब) स्टँडर्ड ग्रिप (दांड्याच्या मुठीवरचं रबरी आवरण) आहेत, त्या हाताला बरोबर बसतात. आत्ता 52 आणि 56 डिग्रीचे (क्लबच्या डोक्याचा तिरपेपणा) दोन सेकंडहँड वेज, म्हणजे जवळच्या उचलत्या शॉटचे क्लब, घेतले, त्यांना मिडसाइज, म्हणजे जरा जाड ग्रिप निघाल्या. ग्रीनजवळ (होलभोवतीची हिरवळ) छोटी चिप, म्हणजे जवळचा उचलता शॉट, मारली की बॉल उजवीकडे जातो. मित्र म्हणतो राहू दे, जाड ग्रिपने मनगट कमी हलतं. बदलू का? ग्लोव्ह मीडियम लागतो, उजव्या हाताने खेळतो.

उत्तर : बदला. मीडियम ग्लोव्हवाल्याला शक्यतो स्टँडर्डच बसते आणि तुमचे आयर्न तेच सांगतायत. तरी खात्री करून घ्या, डाव्या हातात ग्लोव्ह घालून वेज धरा, मधलं बोट आणि अनामिका तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत, रुतली तर ग्रिप बारीक आणि मध्ये फट राहिली तर जाड, तुमची फट राहत असणार.

मित्राचं अगदीच चूक नाही, काहींचे हात फार वळवळतात त्यांना जाडीने फायदा होतो. पण ज्याला आधीच जाड होतेय त्याचा क्लबफेस (बॉलला लागणारी बाजू) वेळेत बंद होत नाही आणि बॉल उजवीकडे राहतो. अर्थात सगळा दोष ग्रिपचाच असेल असं नाही, उभं राहताना खांदे कुठे बघतायत तेही एकदा कोणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा.

आता खरी गोष्ट, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वेज आपण आयर्नसारखा टोकाला धरतच नाही ना, चिपला, बंकरला (वाळूच्या खड्ड्यात), अर्ध्या शॉटला इंच-दोन इंच खाली सरकतो आणि ग्रिप खाली निमुळती होत जाते, म्हणजे उजव्या हाताखाली स्टँडर्ड ग्रिपसुद्धा अंडरसाइजसारखी लागायला लागते आणि मग तोच हात जास्त जोर करतो. म्हणून मी वेजला स्टँडर्डच ग्रिप लावतो, फक्त खालच्या अर्ध्या भागात मास्किंग टेपचे दोन थर जास्त देतो. एका थराने जाडी साधारण 1/64 इंच म्हणजे 0.4 मिलीमीटर वाढते, चार थर झाले की मिडसाइजच्या जवळ गेलात, त्यामुळे दोनावर थांबा. हे नियमात बसतं, फक्त ग्रिप गोल राहिली पाहिजे आणि मध्ये कुठे फुगवटा किंवा खाच दिसता कामा नये, म्हणून टेपची कडा एकदम तोडू नका, थर थोडे मागेपुढे संपवा.

वजनाचंही बघा. स्टँडर्ड ग्रिप साधारण 50 ग्रॅमची असते, मिडसाइज त्याहून 10-15 ग्रॅम जड, आणि ग्रिपकडे 4-5 ग्रॅम वाढले की स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड जाणवतं त्याचं माप) एक पॉइंट उतरतो. वेजचं डोकं हातात जाणवलं पाहिजे, त्यावरच तर आपण अंतर मोजतो! जाड ग्रिपने तेच हलकं वाटायला लागतं, मला हे उजवीकडे जाण्यापेक्षा मोठं नुकसान वाटतं.

आपल्याकडच्या दमट हवेत अजून एक, ग्रिप गुळगुळीत झाली की माणूस आवळून धरतो आणि त्याला वाटतं साइज चुकली. सेकंडहँड वेजच्या ग्रिप घाम खाऊन कडक झालेल्या असतात. भांड्याच्या साबणाने आणि जुन्या ब्रशने घासून सावलीत वाळवा, तरी चकाकत असतील तर गेल्या समजा. पावसाळ्यात खेळत असाल तर कॉर्ड असलेली (रबरात दोरा घातलेली) घ्या, हाताला खरखरीत लागते पण ओल्यात सुटत नाही.

दोन्ही वेज एकदम करू नका, आधी 56 ला स्टँडर्ड लावा, आठवडाभर चिप मारा, 52 तशीच मिडसाइज ठेवून दोन्ही आलटून पालटून बघा आणि मग दुसरीचं ठरवा.